आठ वर्षे कमी की जास्त? स्टीव्ह जॉब्स यांच्या स्वादुपिंडातील न्यूरोएंडोक्राइन गाठीचा प्रकरण अभ्यास

ऑक्टोबर २००३ मध्ये ॲपल कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांचा सीटी स्कॅन निघाला तो मूत्रपिंडांसाठी. मूत्रपिंडे ठीक होती, पण स्वादुपिंडावर सावली दिसली. सकाळी स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी सांगितले की हा कर्करोग जवळजवळ नक्कीच बरा न होणारा आहे, तीन ते सहा महिन्यांपेक्षा जास्त धरू नका, घरी जाऊन निरवानिरव करा. त्याच संध्याकाळी घशातून एंडोस्कोप घालून, जठर ओलांडून, आतड्याच्या भिंतीतून सुई टोचून स्वादुपिंडातील थोड्या पेशी काढल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्यावर डॉक्टरांचे म्हणणे बदलले: हा दुर्मीळ प्रकार आहे, शस्त्रक्रियेने बरा होऊ शकतो. हा घटनाक्रम जॉब्स यांनी स्वतः १२ जून २००५ रोजी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात सांगितला. त्यांचे निधन ५ ऑक्टोबर २०११ रोजी झाले, म्हणजे निदानानंतर सुमारे आठ वर्षांनी.

म्हणजे सकाळचा आकडा चुकला होता आणि संध्याकाळचे आश्वासनही पुरे पडले नाही. पचनसंस्थेतील न्यूरोएंडोक्राइन गाठींमध्ये, म्हणजे दवाखान्याच्या बोलीत 'नेट'मध्ये, हे वारंवार घडते. आयुर्मानाचा आकडा रोगाच्या नावाला चिकटलेला नसतो. त्या दिवसापर्यंत जी माहिती हाती आली तिच्यावर तो उभा असतो. हे प्रकरण इथे घेतले ते एवढ्यासाठी की त्याचे टप्पे जाहीर पत्रे, वॉल्टर आयझॅकसन यांनी लिहिलेले अधिकृत चरित्र, रुग्णालयाचे निवेदन आणि मृत्यू प्रमाणपत्र यांतून तारखांसह उपलब्ध आहेत. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर कोणता आकडा लागू होता हे तपासून पाहता येते.

सुईतून काय कळते, काय निसटते

स्वादुपिंडाचा नेहमीचा कर्करोग पाचकरस वाहून नेणाऱ्या नलिकांच्या अस्तरातून उगवतो. तो पसरलेला सापडला तर त्या काळात जेमसिटाबिन या औषधावर मध्यक आयुर्मान जेमतेम साडेपाच-सहा महिने होते. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे असतात तो बिंदू. तो कुणा एकाची मुदत नव्हे. सकाळी सांगितलेले तीन ते सहा महिने याच रोगाचे होते.

नेट उगवते ते संप्रेरके बनवणाऱ्या पेशींतून. त्याच अवयवात, त्याच जागी, पण रोग वेगळा. सीटीवरही फरकाची खूण असते: नेटला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून शिरेतून दिलेले औषध धमन्यांत पोचते त्या पहिल्या क्षणी गाठ उजळते. नलिकेचा कर्करोग त्याच क्षणी काळपट राहतो. हा क्षण पकडायचा तर स्कॅन तीन टप्प्यांत घ्यावा लागतो. नुसता 'पोटाचा सीटी, कॉन्ट्रास्टसह' असे लिहून दिले की पुष्कळदा एकच उशिराचा टप्पा काढला जातो, आणि यकृतातील बारीक गाठी आजूबाजूच्या पेशींत मिसळून जातात.

पेशींवर सायनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन ए या प्रथिनांचा रंग चढला की नेटचे नाव पक्के होते. पण नाव म्हणजे आयुर्मान नव्हे. त्यासाठी केआय-६७ हवा: सर्वांत जास्त विभाजन दिसणाऱ्या भागात किमान ५०० पेशी मोजायच्या आणि त्यांतल्या किती टक्के विभाजनाच्या चक्रात आहेत ते लिहायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या वर्गीकरणात ३ टक्क्यांच्या खाली असेल तर ग्रेड १, ३ ते २० टक्के म्हणजे ग्रेड २, त्यावर ग्रेड ३. आणि इथेच एक महत्त्वाची फूट पडते. २० टक्क्यांच्या वर असूनही पेशींची रचना नीटस असेल तर ती ग्रेड ३ नेट. रचना पार विस्कटलेली असेल तर ते न्यूरोएंडोक्राइन कार्सिनोमा, म्हणजे 'नेक', आणि त्याचा स्वभाव व उपचार दोन्ही निराळे. नॉर्डिक देशांच्या २०१३ च्या अभ्यासात पसरलेल्या नेकचे मध्यक आयुर्मान केमोथेरपी घेऊन ११ महिने होते. फक्त आधारोपचार मिळालेल्यांचे १ महिना.

आता सुईची मर्यादा. बारीक सुईने सुट्या पेशी येतात, ऊतीचा अखंड तुकडा येत नाही. ५०० पेशी मोजायला मिळतीलच असे नाही, आणि मिळाल्या तरी त्या गाठीच्या सर्वांत सक्रिय भागातल्या असतील याची खात्री नाही. परिणामी सुईच्या नमुन्यावर ग्रेड कमी लागण्याची चूक जास्त होते, जास्त लागण्याची कमी. म्हणून आता एंडोस्कोपीतून जाड, गाभा काढणारी सुई वापरतात. अहवालात 'लो ग्रेड न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर' एवढेच असेल आणि केआय-६७ ची टक्केवारी नसेल तर तो अपुरा अहवाल समजावा. नमुन्याचे मेणातले ब्लॉक आणि काचपट्ट्या रुग्णाच्या हक्काच्या आहेत. त्या मागून घेऊन नेट नेहमी पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्याव्यात. औषध बदलण्याआधी करायचे हे काम आहे.

जॉब्स यांच्या गाठीचा ग्रेड सार्वजनिक नोंदींत नाही. तरीही तिच्या चालीवरून एवढे म्हणता येते की ती नेक नव्हती. नेक असती तर पहिले नऊ महिनेच असे गेले नसते.

नऊ महिने

ऑक्टोबर २००३ ते जुलै २००४ या काळात जॉब्स यांनी शस्त्रक्रिया टाळली. वनस्पतीजन्य आहार, गाजराचा व फळांचा रस, ॲक्युपंक्चर, वनौषधी यांवर भर दिला. घरचे, मित्र आणि डॉक्टर विनवत राहिले. जुलै २००४ च्या स्कॅनमध्ये गाठ वाढलेली आणि बहुधा पसरलेली दिसली. ३१ जुलैला स्टॅनफर्डमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि पोट उघडल्यावर यकृतात तीन ठिकाणी रोग सापडला.

या नऊ महिन्यांनी जीव घेतला, असे आजही ठासून सांगितले जाते. इतके सरळ नाही. ग्रेड १-२ ची नेट हळू वाढते; जुलै २००४ मध्ये डोळ्यांना दिसण्याएवढ्या झालेल्या यकृतातल्या गाठी ऑक्टोबर २००३ मध्ये सूक्ष्म स्वरूपात असण्याची शक्यता बरीच आहे. आधी शस्त्रक्रिया झाली असती तर कदाचित यकृत कोरे दिसले असते आणि रोग चार वर्षांनी तिथूनच वर आला असता. उलट, त्या नऊ महिन्यांतच पहिली पेशी निसटली असेल, हेही नाकारता येत नाही. हे कोडे सुटणारे नाही आणि रुग्णाच्या नातेवाइकांनी त्यात रात्री घालवू नयेत.

पण एक फरक स्पष्ट ठेवायला हवा. नेटमध्ये थांबणे हा नेहमीच गुन्हा नसतो. स्वादुपिंडातील २ सेंटिमीटरपेक्षा लहान, संप्रेरकांचा त्रास न देणारी, नलिका न दाबणारी गाठ आज युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार शस्त्रक्रियेविना पाळतीवर ठेवता येते. मात्र पाळत म्हणजे ठरलेल्या तारखांना स्कॅन, आणि गाठ अमुक इतकी वाढली तर शस्त्रक्रिया, हे आधीच ठरवलेले असणे. आहार बदलून गाठ विरघळेल म्हणून थांबणे ही पाळत नव्हे. आहाराने नेट मागे हटल्याचा पुरावा नाही.

व्हिपल, आणि 'बरा झालो'

स्वादुपिंडाच्या डोक्याकडील गाठीसाठी व्हिपल शस्त्रक्रिया करतात: स्वादुपिंडाचे डोके, ड्युओडेनम म्हणजे लहान आतड्याची सुरुवात, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढून तीन नवे जोड घालायचे. जॉब्स यांच्यात या शस्त्रक्रियेचा कमी व्यापक, बदललेला प्रकार केला गेला. नेटच्या रुग्णात या शस्त्रक्रियेची एक खास अडचण असते. नलिकेच्या कर्करोगात रस तुंबून स्वादुपिंड कडक आणि नलिका रुंद झालेली असते, टाके चांगले धरतात. नेटमध्ये नलिका मोकळी राहिल्याने स्वादुपिंड लोण्यासारखे मऊ आणि नलिका बारीक असते. त्यामुळे जोडातून रस गळण्याचा धोका जास्त. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर ड्रेनच्या, म्हणजे पोटात ठेवलेल्या नळीच्या, द्रवातील ॲमिलेज हे पाचक एन्झाइम रक्तातील वरच्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक निघाले आणि सोबत ताप किंवा पोटदुखी असेल, तर गळती गांभीर्याने घेतात आणि ड्रेन काढायची घाई करीत नाहीत.

१ ऑगस्ट २००४ रोजी जॉब्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहिले: स्वादुपिंडाच्या कर्करोगांत सुमारे एक टक्का असणारा दुर्मीळ प्रकार, वेळेत सापडल्यास शस्त्रक्रियेने बरा होणारा, माझा वेळेत सापडला, केमो वा रेडिएशन लागणार नाही. चरित्रातील नोंद निराळी आहे: यकृतात रोग होता आणि केमोथेरपी सुरू झाली. बाहेर सांगायचे काय हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपल्या कामाचे एवढेच की यकृतात एक जरी गाठ असली तरी टप्पा चौथा, आणि लागू होणारा आकडा 'शस्त्रक्रियेने बरा' या रांगेतला राहत नाही.

मग कोणता? नेमका त्याच वेळचा एक आरसा उपलब्ध आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने २००३ मध्ये यकृतातील न्यूरोएंडोक्राइन गाठी शस्त्रक्रियेने काढलेल्या १७० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. पाच वर्षांनी ६१ टक्के आणि दहा वर्षांनी ३५ टक्के रुग्ण जिवंत होते. पण पाच वर्षांत ८४ टक्क्यांमध्ये रोग परतला होता. हे दोन आकडे जोडीने वाचायचे असतात. जगणे आणि रोगमुक्त असणे या नेटमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक जण रोगासह बरीच वर्षे जगतात. ऑगस्ट २००४ मध्ये जॉब्स यांना प्रामाणिक उत्तर द्यायचे असते तर ते असे झाले असते: रोग परतेल असे धरून चाला, पण पाच वर्षे ओलांडण्याची शक्यता निम्म्याहून जास्त आहे. ते त्यानंतर सात वर्षे दोन महिने जगले.

वजन का घटते

२००८ च्या उन्हाळ्यात त्यांचे वजन इतके उतरले होते की व्यासपीठावर पाहून शेअर बाजार अस्वस्थ झाला. ५ जानेवारी २००९ च्या जाहीर पत्रात कारण 'संप्रेरकांचा असमतोल' असे दिले, शरीराला प्रथिने मिळत नाहीत असे म्हटले. नऊच दिवसांनी, प्रकृती वाटली त्यापेक्षा गुंतागुंतीची आहे असे सांगून त्यांनी रजा घेतली. तोवर यकृतात रोग पसरलेला होता.

व्हिपल झालेल्या नेटच्या रुग्णाचे वजन घटले की घरच्यांच्या आणि पुष्कळदा डॉक्टरांच्याही मनात एकच उत्तर येते: रोग वाढला. ते खरे असू शकते, पण त्याआधी तीन-चार गोष्टी तपासायला हव्यात, कारण त्या सुधारता येतात. पहिली, पाचकरसांची कमतरता. अर्धे स्वादुपिंड गेलेले असते, त्यात नेट थोपवण्यासाठी दिलेली ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची इंजेक्शने उरलेला स्रावही कमी करतात. मळ तेलकट, फिकट, पाण्यावर तरंगणारा, भांड्याला चिकटणारा होतो. उपाय म्हणजे एन्झाइमच्या कॅप्सूल: मुख्य जेवणासोबत ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज (स्निग्ध पचवणारे एन्झाइम), मधल्या खाण्यासोबत २५,००० च्या आसपास. भारतात रुग्णांना अनेकदा दिवसाला १०,००० च्या दोन गोळ्या, त्याही जेवणानंतर, लिहून दिलेल्या दिसतात आणि 'फरक पडत नाही' म्हणून त्या बंद होतात. डोस अपुरा आणि वेळ चुकीची. पहिल्या घासासोबत एक व जेवताना मध्ये उरलेल्या अशा घ्यायच्या. अ, ड, ई, के ही स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वेही तपासून घ्यावीत.

दुसरी, रक्तातील साखर. स्वादुपिंड कापल्यावर मधुमेह होऊ शकतो, आणि एव्हरोलिमस हे औषध चालू असेल तर साखर आणखी वर जाते. तिसरी, आतड्यातल्या जिवाणूंची वाढ किंवा जोडाजवळचे आकुंचन. चौथी, गाठ स्वतःच संप्रेरक सोडत असणे: ग्लुकॅगॉन जास्त असेल तर स्नायू झिजतात, गॅस्ट्रिन किंवा व्हीआयपी नावाचे संप्रेरक जास्त असेल तर जुलाब थांबत नाहीत. आधी शांत असलेली गाठ नंतर संप्रेरक सोडू लागू शकते, म्हणून निदानाच्या वेळी नकारात्मक आलेली तपासणी कायमची मानू नये. आणि शेवटी आहार. अर्धे स्वादुपिंड गेलेल्या शरीराला प्रथिने जास्त लागतात. नुसत्या फळांवर आणि रसांवर राहणे अशा रुग्णाला झेपत नाही. जॉब्स यांची खाण्याबद्दलची जुनी कडक मते या काळात आड आल्याचे चरित्रात नमूद आहे.

इथे क्रोमोग्रॅनिन ए बद्दल एक सूचना. वजन घटले की ही रक्ततपासणी घाईने केली जाते, आकडा चारपट येतो आणि घरात रडारड होते. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल यांसारखी ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर हा आकडा रोगाविना वाढतो. मूत्रपिंडाच्या आजारातही वाढतो. डॉक्टरांना विचारून गोळी दोन आठवडे थांबवून मगच तपासणी करावी. स्कॅनशिवाय केवळ या आकड्यावर औषध बदलू नये.

यकृत प्रत्यारोपण: योग्य उपाय, कुठला रुग्ण?

मार्च २००९ मध्ये मेम्फिसच्या मेथडिस्ट युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये जॉब्स यांचे यकृत बदलले गेले. त्यावर गदारोळ उठला तेव्हा, जूनमध्ये, रुग्णालयाने निवेदन काढले की अवयव मिळाला त्या वेळी त्यांच्या रक्तगटाच्या प्रतीक्षायादीत तेच सर्वांत जास्त आजारी होते, त्यांचा मेल्ड गुणांक, म्हणजे यकृताच्या आजाराची तीव्रता सांगणारा आकडा, सर्वांत वरचा होता. हा गुणांक मुळात बिलिरुबिन, क्रिएटिनिन आणि रक्त गोठण्याच्या चाचणीवरून निघतो. काही कर्करोगांत जादा गुणही दिले जातात.

नेटमध्ये यकृत बदलणे ऐकायला विचित्र वाटते, कारण इतर बहुतेक कर्करोगांत यकृतात रोग पसरला की प्रत्यारोपणाचा विषयच संपतो. इटलीतील मिलानच्या गटाने त्यासाठी निकष ठरवले: ग्रेड कमी, मूळ गाठ आधीच काढलेली, यकृताचा निम्म्याहून कमी भाग व्यापलेला, यकृताबाहेर रोग नाही, किमान सहा महिने रोग स्थिर, आणि वय साधारण साठीच्या आत. २०१६ मध्ये त्यांनी निकाल दिले. निकषांत बसून प्रत्यारोपण झालेल्यांपैकी दहा वर्षांनी सुमारे ८९ टक्के जिवंत होते. निकषांत बसूनही प्रत्यारोपण न झालेल्यांपैकी २२ टक्के. आकडे डोळे दिपवणारे आहेत आणि म्हणूनच जपून वाचावेत. ही निवडून घेतलेल्या रुग्णांची यादी आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हे. सहा महिने रोग स्थिर राहणे ही अटच आक्रमक गाठी गाळून टाकते.

जॉब्स यांचे चित्र या निकषांशेजारी ठेवून पाहा. जुने यकृत काढले तेव्हा ते गाठींनी भरलेले होते आणि पोटाच्या आतल्या आवरणावर, पेरिटोनियमवर, ठिपके दिसले. म्हणजे यकृताबाहेर रोग होताच. त्यांच्यासाठी ८९ टक्क्यांचा आकडा कधीच लागू नव्हता. प्रत्यारोपणाने मिळाली ती सुमारे अडीच वर्षे, त्यांतला मोठा भाग कामाचा. २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला तो याच काळात. प्रत्यारोपण फसले असे म्हणता येणार नाही. ते बरे करण्याचे साधन न राहता वेळ मिळवण्याचे साधन झाले, एवढेच. शिवाय नवे यकृत टिकवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात, आणि उरलेल्या कर्कपेशींवरचा पहाराही त्यामुळे ढिला पडतो.

शेवटची दोन वर्षे, आणि थोडी उशिरा आलेली औषधे

या काळात त्यांच्या गाठीचा जनुकीय आराखडा स्टॅनफर्ड, जॉन्स हॉपकिन्स आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या पथकांनी वाचला. खर्च सुमारे एक लाख डॉलर. त्याच सुमारास, २०११ मध्ये, जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने स्वादुपिंडाच्या नेटचे जनुकीय चित्र प्रसिद्ध केले: ४४ टक्के गाठींत एमईएन१ या जनुकात, ४३ टक्क्यांत डीएएक्सएक्स किंवा एटीआरएक्स या जनुकांत आणि सुमारे १४ टक्क्यांत पेशीवाढ चालवणाऱ्या एमटॉर मार्गात बिघाड. रुग्णाला याचा त्या वेळी फारसा उपयोग नव्हता. आज शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत डीएएक्सएक्स किंवा एटीआरएक्स हरवलेले आढळले तर ती परत येण्याचा धोका जास्त धरून पाळत कडक करतात.

फेब्रुवारी २०११ मध्ये, जॉब्स तिसऱ्यांदा रजेवर गेल्यावर महिन्याभरात, स्वादुपिंडाच्या नेटवरील औषधांच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल एकत्र छापून आले. एव्हरोलिमसने रोग न वाढता राहण्याचा मध्यक काळ ४.६ वरून ११ महिन्यांवर नेला, सुनिटिनिबने ५.५ वरून ११.४ वर. मे २०११ मध्ये दोन्हींना अमेरिकेत मान्यता मिळाली. २४ ऑगस्टला त्यांनी राजीनामा दिला. मृत्यू प्रमाणपत्रात तात्कालिक कारण श्वसन थांबणे आणि मूळ कारण स्वादुपिंडाची पसरलेली न्यूरोएंडोक्राइन गाठ असे आहे.

आठ वर्षे कशाशी तोलायची

अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीतील ६४,९७१ रुग्णांवर २०१७ मध्ये झालेल्या विश्लेषणात सर्व न्यूरोएंडोक्राइन गाठींचे मध्यक आयुर्मान ९.३ वर्षे निघाले. या आकड्याशी तोलले तर जॉब्स थोडे कमी जगले असे वाटेल. पण त्या ९.३ मध्ये अपेंडिक्स कापताना योगायोगाने सापडलेल्या गाठी आहेत, कोलोनोस्कोपीत निघालेले गुदाशयातले अर्ध्या सेंटिमीटरचे मणी आहेत. अपेंडिक्सचे मध्यक ३० वर्षांहून अधिक, गुदाशयाचे २४.६ वर्षे, स्वादुपिंडाचे ३.६ वर्षे. जागेवरच असलेल्या रोगात ३० वर्षांच्या पुढे, दूर पसरलेल्यात सगळे प्रकार मिळून अवघे १२ महिने, कारण त्यात नेकही मोडते. दूर पसरलेला पण ग्रेड १-२ असा गट वेगळा काढला की लहान आतड्याचे १०३ महिने, स्वादुपिंडाचे ६०, मोठ्या आतड्याचे १४. एकाच नावाखाली ३० वर्षे आणि १४ महिने दोन्ही बसतात, तेव्हा इंटरनेटवरचा सरासरी आकडा घेऊन रुग्णाला धीर देणे किंवा घाबरवणे दोन्ही व्यर्थ.

योग्य रांग आहे ती स्वादुपिंड, यकृतात पसरलेला, ग्रेड १-२, म्हणजे ६० महिन्यांची. पोट उघडून यकृतातला रोग दिसला तिथपासून सात वर्षे दोन महिने म्हणजे ८६ महिने. या रांगेत ते मध्यकाच्या बऱ्याच पुढे गेले, आणि तेही आजची निम्मी साधने नसताना. 'श्रीमंत असूनही वाचले नाहीत' या वाक्यात म्हणूनच तथ्य नाही.

अरेथा फ्रँकलिन या गायिकेलाही स्वादुपिंडाचे नेटच होते; २०१० च्या निदानानंतर त्या ऑगस्ट २०१८ पर्यंत जगल्या, आणि बातम्यांत सरसकट 'स्वादुपिंडाचा कर्करोग' छापले गेले. उलट इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचे निदान जाहीर केले आणि २९ एप्रिल २०२० ला मुंबईत मोठ्या आतड्याच्या संसर्गाने त्यांचे निधन झाले. भारतात 'न्यूरोएंडोक्राइन' म्हटले की लोकांना इरफान आठवतात आणि दोन वर्षे हा आकडा मनात घट्ट बसतो. तो कुठल्याही दुसऱ्या रुग्णाचा आकडा नाही.

हाच रुग्ण आज मुंबईत आला तर

सीटीत स्वादुपिंडावर गाठ, वय ४८, तक्रार काही नाही. आज पहिल्याच आठवड्यात गॅलियम-६८ डोटाटेट पेट स्कॅन होईल. नेटच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या संप्रेरकाला पकडणारे ग्राहक असतात, त्यांना हे औषध चिकटते आणि यकृतातल्या, हाडांतल्या लहान गाठीही उजळतात. २००३ च्या ऑक्ट्रिओस्कॅन या जुन्या तपासणीला त्यांतल्या बऱ्याच दिसत नसत. ज्या तीन गाठी शस्त्रक्रियेच्या टेबलावर सापडल्या त्या बहुधा आधीच कळल्या असत्या आणि बेत वेगळा ठरला असता. केआय-६७ दहाच्या वर असेल तर साखरेचा, म्हणजे एफडीजी पेटही सोबत करतात. डोटाटेटवर फिकी आणि एफडीजीवर तेजस्वी अशी गाठ दिसली तर बायोप्सी तिथूनच घ्यावी. तीच पुढची वाट ठरवणार असते.

रोग पसरलेला पण संथ असेल तर सुरुवात बहुतेकदा इंजेक्शनने: ऑक्ट्रिओटाइड एलएआर ३० मिलिग्रॅम किंवा लॅनरिओटाइड १२० मिलिग्रॅम, दर २८ दिवसांनी. २०१४ च्या क्लॅरिनेट चाचणीत लॅनरिओटाइडवर ९६ आठवड्यांनी ६५ टक्के रुग्णांत रोग वाढला नव्हता, नुसत्या प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या इंजेक्शनवर, ३३ टक्के. एलएआरचे इंजेक्शन गावातल्या दवाखान्यात घ्यायचे असेल तर एक काळजी: कुपी फ्रीजमधून अर्धा ते एक तास आधी काढायची, भुकटी द्रवात पूर्ण भिजू द्यायची, मिसळले की लगेच कुल्ल्याच्या स्नायूत खोल द्यायचे. मिसळून ठेवले की ते सुईत अडकते. चरबीत दिले की गाठोडे होते आणि महिन्याचा डोस वाया जातो. किंमत पाहता ही चूक परवडणारी नाही.

त्यापुढे ल्युटेशियम-१७७ डोटाटेट, म्हणजे नेटच्या पेशींना चिकटून त्यांना आतूनच किरणोत्सार देणारे औषध. जॉब्स यांच्या काळात अशा उपचारासाठी युरोप गाठावा लागे. रॉटरडॅम आणि बासल ही त्याची केंद्रे होती. आज परळला टाटा मेमोरियलच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर हा उपचार देते आणि ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते. प्रमाणित क्रम म्हणजे ७.४ गिगाबेकरेलच्या (किरणोत्साराचे एकक) चार मात्रा, आठ आठ आठवड्यांच्या अंतराने. मूत्रपिंडे वाचवण्यासाठी लायसिन आणि आर्जिनिन यांचे सलाइन अर्धा तास आधी सुरू करून साधारण चार तास चालवतात. उलट्या होतात त्या बहुधा या सलाइनमुळे, किरणोत्सारामुळे नव्हे. लांब मुदतीचे इंजेक्शन चार ते सहा आठवडे आधी थांबवायचे. रक्तपेशी आणि क्रिएटिनिन प्रत्येक मात्रेआधी पाहायचे. सुमारे दोन टक्के रुग्णांत पुढे अस्थिमज्जेचा गंभीर विकार होऊ शकतो, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी समजून घ्यावे. लहान आतड्याच्या नेटवरील २०१७ च्या नेटर-१ चाचणीत वीस महिन्यांनी ६५ टक्के रुग्णांत रोग वाढलेला नव्हता. तुलनेतल्या गटात ११ टक्के. अंतिम निकालात मध्यक आयुर्मान ४८ विरुद्ध ३६.३ महिने आले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर सिद्ध ठरला नाही, कारण तुलनेतल्या बऱ्याच रुग्णांना नंतर हाच उपचार मिळाला.

स्वादुपिंडाच्या गाठी लवकर लहान करायच्या असतील तर कॅपेसिटाबिन आणि टेमोझोलोमाइड यांच्या गोळ्या: पहिली चौदा दिवस, दुसरी दहाव्या ते चौदाव्या दिवशी, २८ दिवसांचे चक्र. अमेरिकी चाचणीत या जोडीवर रोग थोपून राहण्याचा मध्यक काळ २२.७ महिने होता, एकट्या टेमोझोलोमाइडवर १४.४. टेमोझोलोमाइड रिकाम्या पोटी, उलटीची गोळी आधी घेऊन. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासात. या वेळा उलटसुलट झाल्याने होणारा त्रास औषधाच्या नावावर खपतो. एव्हरोलिमस, सुनिटिनिब आणि आता कॅबोझँटिनिब पुढच्या रांगेत राहतात. कोणते आधी, कोणते नंतर, याचे एकच उत्तर नाही. यकृतात रोग किती, वेग किती, मूत्रपिंडे कशी, आणि रुग्णाला दर आठ आठवड्यांनी मुंबईची फेरी परवडते का, यावर क्रम लागतो.

आणि रोग वाढला म्हणून औषध बदलायची वेळ आली की शक्य असेल तिथे पुन्हा बायोप्सी. पहिल्या गाठीत केआय-६७ तीन टक्के असलेल्या रुग्णाच्या यकृतात पाच वर्षांनी पंचवीस टक्के निघू शकतो. जुन्या अहवालावर नवा आकडा सांगणारा डॉक्टर त्या दिवशी दुसऱ्याच रोगाबद्दल बोलत असतो.